चिमणी, टाकी, बॉयलर-घर: एकाच फोटोत

आमच्या माळ्यावर एक ट्रायपॉड पडलेला आहे, हे मी त्या दिवशी तोंडातून काढायलाच नको होतं. गप्प बसलो असतो, तर इमारतीत माझी जी काही थोडीफार प्रतिष्ठा होती ती शाबूत राहिली असती, आणि रोज संध्याकाळी बागेत चालायला जाणाऱ्या बायकांच्या मंडळात माझा उल्लेख ‘ते छतावरचे गृहस्थ’ असा झाला नसता. पण मी बोललो. माझा स्वभावच तसा आहे. दुसऱ्याला अडचणीत बघितलं की आपल्याकडे काय काय पडून आहे ते मला आठवायला लागतं.

अडचणीत होते दादा. दादा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, दात स्वतःचे, आवाज तर विचारूच नका. फक्त उजवा गुडघा नवा. तो बदलून अकरा महिने झाले. तेव्हापासून ते आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत. इमारतीला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की रोज जिना उतरायचा आणि अर्धा तास चालायचं, नाहीतर गुडघा आखडेल. दादांनी मान डोलावली, तिसरा मजला चढून वर आले आणि जे बसले ते बसलेच.

बायको रोज विनवायची. “दादा, निदान गेटपर्यंत तरी चला.”

“गेटपाशी काय आहे?”

“काही नाही, पण...”

“मग कशाला जायचं?”

आमच्या गेटपाशी खरंच काही नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टर घरी येऊन गुडघा वाकवून गेले. तो हवा तेवढा वाकत नव्हता. दारात चपला घालता घालता त्यांनी बायकोला हळू आवाजात सांगितलं, की अजून दोन महिने हे असेच बसले तर पुढे त्यांना उठवायला दोन माणसं लागतील, आणि मग डॉक्टरही काही करू शकणार नाहीत. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ सोडला की रडणं ऐकू येत नाही, असं तिला गेली सव्वीस वर्षं वाटत आलं आहे. मला फार वाईट वाटलं. मी जाऊन नळ बंद केला, तर म्हणाली, “पाणी वाचवायला आलात का?”

आता दादांना ओढून नेईल अशी जगात एकच जागा होती, आणि ती घरापासून दहा मिनिटांवर होती. कागद कारखाना. दादांनी तिथे चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला, त्यातली एकोणतीस वर्षं रात्रपाळी, तीही मागून घेतलेली. “दिवसा साहेब असतात,” ते सांगायचे. “साहेब आजूबाजूला असले की वाफ नीट चढत नाही.” बारा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. दहा वर्षं तिथे गवत वाढलं. मग दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि त्याची बाग झाली. कारंजी, बाकडी, झाडांवर पाट्या, आणि संध्याकाळी सगळीकडे रंगीत दिवे.

“तुमचाच कारखाना आहे दादा, चला ना बघायला,” बायको म्हणाली.

“माझा कारखाना पाडला.”

“पाडला नाही हो. सगळं ठेवलंय म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“वरचे तज्ज्ञ.”

तज्ज्ञ म्हणजे चौथ्या मजल्यावरचे शेजारी. त्यांचा मूळ धंदा काय होता हे आता कोणालाच आठवत नाही, कारण ते सगळ्याच विषयांवर सारख्याच खात्रीने बोलतात.

“तो म्हणाला का? मग नक्कीच पाडला,” दादा म्हणाले. “बाग करायची तर पाडावंच लागतं. पाडलेलं बघायला मी येणार नाही.”

इथे मी मध्ये पडलो. “मी फोटो काढून आणतो ना दादा. मग तर झालं?”

अकरा महिन्यांत पहिल्यांदाच दादांनी माझ्याकडे जरा रस घेऊन बघितलं.

“रात्रीचा काढा,” ते म्हणाले. “दिवसाचा मला ओळखू यायचा नाही. आणि तुकडे नकोत, जावईबुवा. एक भिंत ठेवायची, त्याचा मोठा फोटो करायचा, आणि कारखाना ठेवला म्हणून सांगायचं, असं चालणार नाही. चिमणी, पाण्याची टाकी आणि बॉयलर-घर, तिन्ही एकाच फोटोत. दिसली तर मी जिना उतरतो. नाही दिसली तर ह्या घरात मला पुन्हा कोणी ‘चला’ म्हणायचं नाही.”

त्यांनी हात पुढे केला आणि मी तो घेतला. बायको दोघांकडेही बघत होती. रात्री म्हणाली, “अहो, नाही जमलं तर मला आता विनवायची पण सोय नाही राहिली.” म्हणजे जुगार तिच्या नावावर होता आणि पत्ते माझ्या हातात होते. मी म्हटलं, “फोटो काढायचाय गं, किल्ला जिंकायचा नाहीये.”

पहिल्या रात्री मी मोबाइल घेऊन गेलो. बाग खरोखर सुंदर होती. चिमणी होती, टाकी होती, बॉयलर-घर होतं, पण मुख्य दरवाजातून बघितलं तर चिमणी टाकीच्या मागे जायची, कारंज्यापाशी गेलं तर बॉयलर-घर झाडात जायचं. जे मिळालं ते काढून आणलं. दादांनी चष्मा लावला.

“हे काय आहे?”

“चिमणी.”

“हलतेय.”

“माझा हात हलला, दादा.”

“हलणारी चिमणी मी चौतीस वर्षांत बघितली नाही,” असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड केलं.

बातमी चौथ्या मजल्यावर पोचायला दहा मिनिटं लागली. तज्ज्ञ खाली आले, फोटो बघितले, आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा चेहरा केला. “रात्रीच्या फोटोला शटर पंधरा सेकंद उघडं ठेवावं लागतं. कॅमेरा हवा. मुख्य म्हणजे ट्रायपॉड हवा. तो काही तुमच्याकडे असणार नाही.”

त्या शेवटच्या वाक्याने माझा घात केला. “आहे! माळ्यावर आहे!” मी ओरडलो. स्टुलावर चढून काढला. जुना कॅमेराही सापडला. ट्रायपॉडचे दोन पाय उत्तम होते. तिसरा तेवढा उभा केल्यावर हळूहळू खाली बसायचा. तज्ज्ञ म्हणाले, “तिसरा पाय महत्त्वाचा असतो.” आता ट्रायपॉडच्या बाबतीत हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

तिन्ही वस्तू एकत्र कुठून दिसतात, हे मात्र दादांना पाठ होतं. औषधाच्या पुड्याच्या मागच्या बाजूला त्यांनी नकाशा काढून दिला. टाइम ऑफिसपासून, म्हणजे कामगारांची हजेरी लागायची त्या खोलीपासून, सरळ एकशे दहा पावलं, डावीकडे वळून कोळशाच्या यार्डाच्या कडेने साठ पावलं, की वजनकाटा. कोळशाच्या गाड्या तोलायचा तो काटा. “काट्यावर उभे राहा. समोर तिन्ही. तिथून मी धुराचा रंग बघायचो.”

“पावलं कोणाची?”

“माझी. तेव्हाची.”

मग मी बाहेरच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत चालून दाखवलं आणि दादा खुर्चीतून ओरडत होते, “लांब टाका! अजून लांब! नाचायला निघालात का?” एक मोठं पाऊल बसलं तेव्हा माझ्या मांडीत काहीतरी कट्कन वाजलं. ते अजून वाजतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ट्रायपॉड खांद्यावर टाकून बागेच्या दारात गेलो, तर रखवालदाराने हात आडवा घातला.

“ह्याची परवानगी?”

“कॅमेऱ्याला परवानगी लागते?”

“कॅमेऱ्याला नाही. ह्याला.”

“अहो, हा नुसता कॅमेरा धरून ठेवतो.”

“मग तुम्ही धरा.”

त्याने पाटी दाखवली. जमिनीस स्पर्श करणाऱ्या उपकरणास पूर्वपरवानगी आवश्यक. मी म्हटलं, माझे बूटही जमिनीला स्पर्श करतात. त्याने माझे बूट नीट निरखून बघितले आणि म्हणाला, “ते उपकरणात येत नाहीत.” वाद घालण्यात अर्थ नव्हता. माणूस नियमाच्या बाजूला असला की त्याला घाम येत नाही.

उद्यान कार्यालय कारखान्याच्या जुन्या टाइम ऑफिसातच आहे. ज्या आवारात इतकी वर्षं कागद तयार झाला, तिथे आता फक्त भरला जातो. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीमागे एक कारकून बसला होता. मी स्वतः विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर आहे, एकवीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवतोय, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरचे भाव मला लगेच ओळखता आले. ते माझेच होते. समोरून ते इतके वाईट दिसतात हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

“प्रयोजन?” त्याने विचारलं.

“सासऱ्यांना जिना उतरवायचाय.”

त्याने पेन खाली ठेवलं. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. गुडघा, डॉक्टर, पैज, हलणारी चिमणी. त्याने मध्ये एकदाही जांभई दिली नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. सगळं ऐकून म्हणाला, “फार चांगलं आहे. पण यादीत नाही. यादीत जाहिरात आहे, चित्रपट आहे, शैक्षणिक आहे आणि लग्नापूर्वीचे आहे.”

“हौशी म्हणून लिहा.”

“हौस हे प्रयोजन नाही.”

“मग शैक्षणिक?”

“मुख्याध्यापकांचं पत्र लागेल.”

“जाहिरात?”

“कंपनीचं पत्र, शिक्क्यासकट, तीन प्रतींत.”

“आणि लग्नापूर्वीचे?”

“त्याला काहीच लागत नाही,” तो म्हणाला. “वधूवरांच्या सह्या.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

“माझं लग्न झालंय,” मी म्हटलं. “सव्वीस वर्षं झाली.”

“अर्जात लग्नाची तारीख विचारली आहे,” तो शांतपणे म्हणाला. “ती पुढचीच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही.”

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं सुंदर काम बघितलं नव्हतं. मी हात जोडले. त्याने शिक्का मारला आणि अटी वाचून दाखवल्या. परवाना उद्या एकच दिवस, रात्री आठ ते साडेनऊ. वधूवर दोघांची उपस्थिती बंधनकारक.

घरी येऊन शिक्का मारलेला अर्ज बायकोपुढे ठेवला, फक्त तिची सही राहिली होती. तिने तो दोनदा वाचला.

“म्हणजे आपलं लग्न ठरलंय?”

“हो.”

“आणि मला कोणी विचारलं नाही.”

“सही करायची आहे ना, त्यातच विचारलंय.”

ती हसली. डॉक्टर येऊन गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि बराच वेळ हसली. मग सही केली आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून तयार झाली. मी म्हटलं, आपल्याला चिमणीचा फोटो काढायचाय. तर म्हणाली, “परवान्यावर काय लिहिलंय ते बघा.” तोपर्यंत तज्ज्ञांनी आपलं काम चोख केलं होतं. जिन्यात तिघांनी आमचं अभिनंदन केलं. दुसऱ्या मजल्यावरचे एक जण माझा हात दाबून म्हणाले, “ह्या वयात हिंमत लागते.” कशाला, ते मी विचारलं नाही.

दारावर तोच रखवालदार होता. त्याने परवाना वाचला, बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या टकलाकडे बघितलं.

“वर कोण?”

“मीच.”

“या,” तो म्हणाला, आणि त्या ‘या’मध्ये इतकी कीव होती की मला परत फिरावंसं वाटलं.

टाइम ऑफिसच्या पायरीपासून मी दादांची पावलं टाकायला सुरुवात केली. ठेवणीतल्या कपड्यांतली वधू शेजारी पळत होती, कारण त्या पावलांबरोबर चालता येत नव्हतं. अठ्ठावन्नाव्या पावलाला कारंजं आडवं आलं. वळसा घातला तर हिशेब चुकेल, म्हणून मी सरळ आतून गेलो. गुडघ्यापर्यंत भिजलो. बाकड्यावरच्या एका आजोबांनी टाळी वाजवली. डावीकडे वळलो, साठ पावलं मोजली, थांबलो आणि वर बघितलं.

वजनकाट्याच्या जागी स्त्रियांचं स्वच्छतागृह होतं.

मी परत जाऊन पुन्हा मोजलं. पुन्हा कारंजं, पुन्हा स्वच्छतागृह. दादांचा हिशेब पक्का होता. दाराच्या बाहेर उभं राहिलं तर चिमणी दिसत होती, टाकी दिसत होती, पण बॉयलर-घर नेमकं त्याच इमारतीच्या भिंतीआड जात होतं. “थांबा, मी आत जाऊन बघते खिडकीतून काही दिसतंय का,” असं म्हणून बायको आत गेली. मी दाराजवळ ट्रायपॉड उघडला. तिसरा पाय बसायला लागला, म्हणून तो धरून गुडघ्यावर बसलो. आणि कॅमेऱ्यातून बघत असताना माझ्यासमोर एकसारखे पांढरे बूट येऊन थांबले. आठ जोड्या.

ते बायकांचं चालण्याचं मंडळ होतं. सर्वांत पुढे ज्या होत्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, हे मला नंतर कळलं, पण गळ्यात शिट्टी बघून अंदाज यायला हवा होता.

“काय चाललंय?” बाईंनी विचारलं.

“फोटो काढतोय.”

“कसला?”

“चिमणीचा.”

“ह्या दारातून?”

“हा वजनकाटा आहे,” मी म्हणालो.

“हे स्त्रियांचं स्वच्छतागृह आहे.”

“पूर्वी वजनकाटा होता.”

“पूर्वी तुम्हीही सभ्य असाल,” त्या म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली.

रखवालदार धावत आला. मी परवाना पुढे केला. बाईंनी तो मोठ्याने वाचला. ‘लग्नापूर्वीचे’ ह्या शब्दावर मागच्या सातजणींनी एकमेकींकडे बघितलं.

“वधू कुठे आहे?”

“आत,” मी म्हणालो, आणि दाराकडे बोट दाखवलं. ते बोट मी दाखवायला नको होतं. अर्धी बाग गोळा झाली होती. मी एकवीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेला, कधी सिग्नल न तोडलेला माणूस, ओल्या पँटने बायकांच्या स्वच्छतागृहापुढे गुडघ्यावर बसलो होतो, आणि उठता येत नव्हतं, कारण उठलो तर पाय बसला असता.

तेवढ्यात बायको बाहेर आली. “खिडकी फार उंचावर आहे हो,” ती मला म्हणाली, आणि मग तिला गर्दी दिसली.

“तुम्ही ह्यांना ओळखता?” बाईंनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे नीट बघितलं. तिला विचार करायला एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं.

“लग्न ठरलंय आमचं,” ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता तिने त्यांना सगळं सांगितलं. दादा, खुर्ची, दोन माणसं लागतील म्हणालेले डॉक्टर. “आज फोटो नाही मिळाला तर मला त्यांना पुन्हा ‘चला’ म्हणता येणार नाही,” असं म्हणताना मात्र तिचं हसू थांबलं.

बाईंनी हातातली शिट्टी सोडली. मग त्यांनी इमारतीला एक फेरी मारली आणि मागून आवाज दिला, “इथे शिडी आहे. ह्या छतावरची टाकी साफ करायची. छतावरून दिसेल.”

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी शिडी चढलो. खाली आठजणींनी शिडी धरली होती आणि आठहीजणी सूचना देत होत्या. छतावर पाऊल ठेवलं आणि समोर बघितलं. दादा खरं बोलले होते. चिमणी, टाकी, बॉयलर-घर, तिन्ही समोर, अगदी रांगेत. मी आनंदाने ओरडलोच. खालून बाई म्हणाल्या, “ओरडू नका, काढा.”

पण कॅमेऱ्याचं शटर पंधरा सेकंद उघडं, आणि बागेतले दिवे दर आठ सेकंदांनी रंग बदलणारे. जांभळा, हिरवा, केशरी. सगळे रंग एकात एक मिसळून फोटो असा आला, की त्यात चिमणी आहे की शेवाळ ते सांगता येईना. दुसरा तसाच. तिसराही तसाच. चौथ्याला ट्रायपॉडचा पाय बसला. आणि बरोबर साडेनऊला बागेतले सगळे दिवे गेले.

“वेळ संपली!” रखवालदार खालून ओरडला. “वराने खाली यावं!”

मी मटकन बसलो. सगळं संपलं असं वाटलं. अंधारात हळूहळू डोळे सरावले, तेव्हा दिसलं की बॉयलर-घरात एक दिवा चालूच आहे. त्याचा पिवळा उजेड बाहेर अंगणात पडला होता, आणि त्याच्यावर काळी टाकी, तिच्या शेजारी काळी चिमणी, मागे शहराच्या उजेडाने मळकं झालेलं आभाळ. असा कारखाना मी कधीच बघितला नव्हता, पण हा दादांचा आहे हे मला कळलं.

“तो आतला दिवा तसाच असतो का?” मी विचारलं.

“रात्रभर. चोरांसाठी. या खाली!”

“ह्यांच्या घड्याळात अजून पाच मिनिटं आहेत,” बाईंनी रखवालदाराला ठणकावलं. “आणि शिडी आम्ही धरली आहे. आम्ही सोडू तेव्हा ते उतरतील.”

मी छतावर पोटावर आडवा झालो, ट्रायपॉडचा तिसरा पाय दोन्ही हातांनी धरला, कॅमेऱ्याच्या केबलचं बटण दातांनी दाबलं आणि श्वास रोखला. तीस सेकंद. आयुष्यात मी कुठलंही काम एवढ्या मनापासून केलेलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. दादा जागेच होते. चष्मा लावून, खुर्चीत ताठ बसून. मी फोटो लॅपटॉपवर लावला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. बायकोने माझी बाही घट्ट धरली.

दादांनी पडद्याला बोट लावलं. “चिमणी.”

“हो.”

“टाकी.”

“हो.”

“बॉयलर-घर,” ते म्हणाले. बोट तिथेच राहिलं. डोळे भरून आले होते. “उभं आहे,” ते म्हणाले. “सगळं उभं आहे गं.”

“मी म्हणत होते ना, दादा,” बायको म्हणाली.

मग दादा पुढे वाकले. “हा उजेड कसला?”

“बॉयलर-घरातला दिवा आहे,” मी सांगितलं. “ह्या उजेडामुळेच तर फोटो आला.”

“तो बाहेर कसा पडला?”

“दार उघडं आहे ना.”

“कोणी ठेवलं?”

“बागवाल्यांनी. लोकांना आतला बॉयलर बघता यावा म्हणून.”

“रात्री?”

“रात्री पण.”

“रात्रीचं बॉयलर-घराचं दार उघडं?” दादांचा आवाज चढला. “एकोणतीस वर्षांत एक रात्र मी ते उघडं ठेवलं नाही! नदीकडून दमट वारा येतो सगळा!”

“दादा, बॉयलर बारा वर्षं थंड आहे.”

“थंड आहे म्हणून काय गंजू द्यायचा? माझे बूट कुठायत?”

“तिन्ही दिसतायत ना, दादा?” मी म्हटलं. एवढं सगळं करून निदान तेवढं तरी कोणीतरी कबूल करावं असं मला वाटत होतं. “म्हणजे अट...”

“अट गेली खड्ड्यात! बूट!”

“अहो, साडेदहा वाजलेत,” बायको म्हणाली.

“मग? पाळी दहाला लागते. अर्धा तास उशीर झालाय.”

चोपन्न पायऱ्या आहेत. दादा अंग तिरकं करून, कठडा धरून, एकेक पायरी उतरले. बायको पुढे उलटी चालत होती आणि मी मागे हात पसरून, आणि दोघांनाही ते म्हणत होते, “व्हा बाजूला.” दुसऱ्या मजल्यावर घाम फुटला, पहिल्यावर ते ओठ चावून दोन मिनिटं थांबले. गुडघा दुखत होता, ते दिसत होतं. बायको म्हणाली, “दादा, उद्या जाऊ या का?” तर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की ती पुढची पायरी उतरली. आवाज ऐकून तज्ज्ञ खाली आले होते. मला वाटलं, आता पायऱ्या कशा उतरायच्या त्यावर भाषण होणार. पण त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. माणसाबद्दल मत बनवायची घाई करू नये.

बागेच्या दारात रखवालदार टॉर्च घेऊन उभा होता. “बाग बंद आहे.”

“मी बागेत आलेलो नाही,” दादा म्हणाले. “कारखान्यात आलोय.”

रखवालदाराने मागे टॉर्च मारला. ओल्या पँटीतला वर दिसला, ठेवणीतल्या कपड्यांतली वधू दिसली. त्याने काही न विचारता दार उघडलं.

आत दादांनी कोणाचा हात धरला नाही. अंधारात, थांबत थांबत, पण न चुकता चालले. बॉयलर-घराचं लोखंडी दार रुळावरून सरकणारं, आणि रुळात दोन वर्षांचा पाला साचलेला. मी ढकललं, तज्ज्ञांनी ढकललं, रखवालदारानेही ढकललं. हललं नाही. “खाली लाथ मारा,” दादा म्हणाले, “आणि लगेच वर उचला.” आम्ही तसं केलं, आणि कर्रर्र आवाज करत दार सरकलं. दादांनी शेवटचा हात स्वतः लावला. कडी घातली. मग तळहात दारावर ठेवून बराच वेळ उभे राहिले. बायको माझ्या शेजारी उघड उघड रडत होती. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

“आजोबा,” रखवालदार जरा घुटमळत म्हणाला, “हे मला सकाळी सहाला परत उघडावं लागेल. तसा हुकूम आहे.”

“उघडा की,” दादा म्हणाले. “सकाळी उघडायचंच असतं. पण रात्री बंद का करत नाही?”

“बंद करायचा हुकूमच नाही. ते माझ्या ड्यूटीत येत नाही.”

दादांनी हाताचा गंज झटकला.

“माझ्या येतं,” ते म्हणाले. “उद्या दहाला येतो.”